बर्फात ठेवलेली बाटली

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा बघू. माझ्या अंगाला म्हावऱ्याचा वास येतो, हे मलाही ठाऊक आहे. मी कमरेएवढ्या उंचीचा, एका दाराचा जुना फ्रीज आहे आणि चिंचणीला मासळी विकणाऱ्या चंद्रकांता नावाच्या बाईच्या घरात राहतो. या घरात अत्तराची बाटली जरी येऊन राहिली असती, तरी आठवड्याभरात तिलाही बोंबलाचाच वास आला असता. तेव्हा मला नावं ठेवू नका.

तरुणपणी माझा तोरा काही वेगळाच होता. लालभडक रंग, दाराला घट्ट रबर, आत पांढरेशुभ्र कप्पे! बोईसरच्या दुकानात येणारा-जाणारा माझं दार उघडायचा आणि मी लगेच आतला दिवा लावून दाखवायचो. वाटायचं, आपण कुठल्या तरी मोठ्या घरी जाणार. गेलो ते कारखान्यात कामाला जाणाऱ्या चार पोरांच्या खोलीत. पोरं मनाने वाईट नव्हती, पण फ्रीज कसा वापरावा याची त्यांना काडीची अक्कल नव्हती. पाळीवरून आलेला प्रत्येक जण दार सताड उघडून गार हवा खात उभा राहायचा. गरम डाळीचं पातेलं तसंच आत सरकवायचा. त्यात मला भिंतीला असं चिकटवून ठेवलं होतं की पाठीची जाळी तापून लाल व्हायची. मग म्हणायचे, "ये तो ठंडाही नहीं करता." अरे, करू कसं?

पुढे ती पोरं आपापल्या गावी गेली आणि देवूने मला टेम्पोत घालून चिंचणीला आणलं. देवू म्हणजे चंद्रकांताचा नवरा, बोटीवर जाणारा. मला आणण्याचं कारण एकच होतं, त्यांची लेक प्रतीक्षा. सहावीतली पोर, पण तिला साखरेचा आजार जडलेला. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घेतल्याशिवाय ती जगू शकत नव्हती. त्या औषधाची बाटली तोवर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत असत. मी आल्यावर चंद्रकांताने मला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि ती इवलीशी बाटली माझ्या दारातल्या कप्प्यात ठेवली. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता. एका पोरीचा जीव माझ्या हवाली केला होता या लोकांनी!

आता खरी गोष्ट ऐका. औषध कसं ठेवायचं ते डॉक्टरांनी देवूला सगळं समजावलं होतं. दारात ठेवा, बर्फाजवळ नेऊ नका, गोठलं तर फेकून द्या. देवू बोटीवर जायच्या घाईत होता. त्याने बायकोला एवढंच सांगितलं, "थंड राहिलं पायजे, नायतर औषध फुकट." आणि तो दर्यावर निघून गेला. तिथे फोन लागत नाही.

इकडे माझे हाल सुरू झाले. बाजारात न खपलेली पापलेटं रोज माझ्या बर्फाच्या कप्प्यात येऊ लागली. मग शेजारणींचीही आली. चंद्रकांताला कोणाला नाही म्हणता येत नसे. खाऱ्या हवेने माझे पाय गंजले, दाराचं रबर एका कोपऱ्यात फाटलं आणि कोंबलेल्या मासळीने दार नीट लागेना. वर बर्फाचा थर चढत गेला. मला एखादा दिवस बंद ठेवून तो वितळवावा, हे कोणाच्या गावीही नव्हतं. म्हणजे वरचा कप्पा दगडासारखा गोठलेला आणि दारात मात्र उन्हाळ्याची ऊब.

एका दुपारी चंद्रकांताने बाटली हातात घेतली. ती गार लागेना. नवऱ्याचे शब्द आठवून बाई घाबरली. तिने हाताला लहानपणापासून सवय होती तेच केलं. मासळी टिकवायची तर बर्फात दाबायची, वरखाली बर्फ लावायचा, आणि जे सर्वांत मोलाचं ते अगदी मधोमध ठेवायचं. तिने बाटली स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि दोन मोठ्या पापलेटांच्या मध्ये बर्फात खुपसली. वरून थोपटलीसुद्धा, तान्ह्या पोराला थोपटावं तशी.

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. माझ्या वरच्या कप्प्यात पाण्याचा दगड होतो आणि खालच्या कप्प्यात दूध दूधच राहतं, हा फरक माझ्याइतका कोणाला ठाऊक? पण माझ्याकडे आवाज म्हणजे नुसती गुरगुर. ती तर सगळ्यांनी रोजच ऐकलेली.

दुसऱ्या दिवसापासून ती गोठलेली बाटली काढून माझ्या डोक्यावर ठेवायची, औषध पातळ झालं की इंजेक्शन द्यायचं आणि बाटली पुन्हा बर्फात, असा क्रम सुरू झाला. औषधात बारीक पांढरे कण तरंगत. प्रतीक्षाने ते आईला दाखवलेही. आई म्हणाली, हलवलं की जातात.

ते औषध आता मेलं होतं. पोरीला तहान लागू लागली. माझं दार उघडायची, घटाघटा पाणी प्यायची, लघवीला पळायची, पुन्हा पाण्याला यायची. चेहरा उतरला, पाय दुखू लागले. बोटाचं रक्त काढून यंत्रावर साखर मोजली, तर ती खूप चढलेली. चंद्रकांताच्या डोक्यात भलताच संशय शिरला. नात्यातल्या साखरपुड्याचा पेढ्यांचा पुडा माझ्या पोटात होता. इंजेक्शन तर रोज चाललंय, मग साखर चढते कशी? पोर चोरून पेढे खात असणार!

प्रतीक्षा कळवळून म्हणाली, "आई, शप्पत, मी पेढ्याला हात नाय लावला. मला पाणीच पायजे फक्त."

आईने ऐकलं नाही. तिने जाळ्याची दोरी आणली, माझ्या अंगाभोवती फिरवली आणि दाराला पक्की गाठ मारली. पाणी माठातलं पी, म्हणाली. मला तेव्हा माझीच लाज वाटली. या पोरीसाठी मला आणलं आणि तिच्याच तोंडावर माझं दार बंद!

पुढच्याच सकाळी प्रतीक्षाला उलट्या सुरू झाल्या. श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता, हाक मारली तरी डोळे उघडेना. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून तिला बोईसरच्या इस्पितळात नेलं. घर रिकामं झालं. ती बाटली माझ्या डोक्यावर वितळत राहिली आणि मी गुरगुरत राहिलो. पोर जगली की गेली, हे मला सांगायला कोणी नव्हतं.

पोर जगली, मित्रांनो. बोट किनाऱ्याला लागताच कळलं, तसा देवूही थेट तिकडे गेला होता. इस्पितळात पोरीजवळ नात्यातल्या बाईला बसवून घर आवरायला दोघं आधी परतले, तेव्हा चंद्रकांता रडत रडत शेजारणींना जे सांगत होती, त्यावरून मला कळलं. डॉक्टरांनी विचारलं, औषध कुठे ठेवता? हिने मान ताठ करून सांगितलं, पार बर्फात, मधोमध! मग त्यांनी सांगितलं की गोठलेल्या औषधात जोर राहत नाही, साखर त्यामुळेच चढली, मुलीने गोड खाल्ल्याने नाही. देवू खाली मान घालून बसला. आपण अर्धंच सांगून गेलो, हे त्याला खात होतं.

दोघांनी मिळून दोरी कापली. मला बंद करून सगळी मासळी बाहेर काढली. चंद्रकांता बर्फ फोडायला कोयता घेऊन आली, तर देवूने तिला अडवलं, आतली नळी फुटेल म्हणून. बर्फ आपोआप वितळू दिला. मला सोड्याच्या पाण्याने पुसलं, रबर नवं बसवलं, भिंतीपासून पुढे ओढलं. नवी बाटली दारात ठेवली.

मग प्रतीक्षा घरी आली. सुकून काडी झाली होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, पण हात पुढे केला नाही. मागे वळून म्हणाली, "आई, पाणी घेऊ?"

चंद्रकांता धावत पुढे आली. "इचारू नको गं. तू खरं बोलत होतीस. मीच ऐकलं नाय," म्हणाली आणि तिला पोटाशी धरून रडली.

आता प्रतीक्षा शाळेत जाते. माझ्या दारावर दोरीचा ओरखडा उरलाय आणि दार उघडण्याआधी ती अजूनही आईकडे बघते. आई दर वेळी मान हलवते आणि दर वेळी तिचे डोळे भरतात.

म्हणून सांगतो, मित्रांनो. माझ्या पाठीमागे हात जाईल एवढी जागा ठेवा, मला कोंबू नका, बर्फ साचू देऊ नका. औषध कुठे ठेवायचं ते पूर्ण विचारून घ्या आणि घरी पूर्ण सांगा. आणि घरातलं पोर तहान लागली म्हणालं, तर आधी त्याला पाणी द्या. काय खाल्लंस, ते मग विचारा.