मोरपिशी अंगरखा

नाव सांगितलं तरी तुम्ही मला ओळखणार नाही, कारण मी कुणाच्या डोळ्यांसमोर कधी राहिलोच नाही. कॉम्प्युटरच्या पेटीत रॅमची पट्टी असते ना, तिच्या अंगावरचा पत्र्याचा अंगरखा तो मी. वीतभरही लांब नाही. काम एकच. पट्टी तापली की तिचा ताप आपल्या अंगावर घ्यायचा आणि वाऱ्यावर सोडून द्यायचा. आता तेही काम उरलं नाही. म्हणून बसल्या बसल्या बोलतोय.

जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, दाबला, वाकवला आणि मला पट्टीला चिकटवून टाकलं, ते कायमचं. माझ्याबरोबर तसाच एक भाऊ होता. आमची जोडीच एका डबीत भरली. किती पाणी ओलांडलं कुणास ठाऊक, एक दिवस न्हावा शेवाला उतरलो. तिथून कंटेनर लॉरीवर चढला आणि लॉरी रांगेत उभी राहिली. दोन दिवस उभीच. ड्रायव्हर खाली बसून भात शिजवायचा, जेवायचा, पुन्हा वर चढून झोपायचा. माणसं किती वाट बघतात, हे मला डबीत बसून तिथं पहिल्यांदा कळलं.

मग पनवेलच्या एका दुकानातून समृद्धीनं आम्हाला घेतलं. ती एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. घरी आल्यावरही नकाशेच. मी रोज तापायचो, रोज निवायचो. माझ्या आतली पट्टी मोठी हुशार, पण वीज गेली की सगळं विसरायची. सकाळी पुन्हा कोरी. मला तिचा कधी कधी हेवा वाटे. पेटीला एका बाजूनं काच होती. त्या काचेतून मी तीन वर्षं रोडपालीचं ते घर पाहिलं. धूळ साठत गेली, पण दिसायचं.

घरात चार माणसं. समृद्धी, तिची आई मिताली, बंदरात कामाला जाणारे वडील भावेश, आणि आजोबा विठू.

विठू आजोबा खाडीकाठचे कोळी. मासेमारी त्यांनी केली, पण त्यांचं नाव झालं ते होड्या रंगवण्यात. लाकडी होड्या गेल्या, फायबरच्या आल्या, त्यांचा रंग कारखान्यातूनच येतो. मग बायको गोदूबाई गेली आणि मुलानं त्यांना इकडे आणलं. येताना त्यांनी कपड्यांची एक पिशवी आणली आणि रंगाचे डबे, ब्रश, खरवडणी असं एक पोतं. ते पोतं बाल्कनीत ठेवलं. रोज सकाळी ते एकेक ब्रश काढायचे, बोटानं केस विंचरायचे आणि पुन्हा ठेवायचे. हात थोडे थरथरायचे.

बाल्कनी लहान. कपडे वाळत घालायला जागा नाही, म्हणून मिताली कुरकुरायची, आणि तिचं खोटंही नव्हतं. एका रविवारी भावेश शांतपणे म्हणाला की बाबा, हे सामान आता कोणाला तरी देऊन टाकू, वापर तर काहीच नाही. आजोबांनी हातातला ब्रश पोत्यात ठेवला. समृद्धीच बोलली. तिनं वडिलांना सांगितलं की मला आजोबांकडून एक काम करून घ्यायचंय, ते होऊ दे, मग ठरवा.

ते काम म्हणजे आम्ही दोघं.

समृद्धीला पेटीच्या आत रंग हवा होता. हल्ली मुलं असं करतात. काचेतून दिसतं ना, मग आतली वस्तूही देखणी हवी. तिला हवा होता तो गोदूबाईच्या नावाच्या होडीचा रंग, मोरपिशी, आणि वरच्या कडेला पिवळी रेघ. ती होडी मोडीत निघाली तेव्हा समृद्धी शाळेत होती.

आजोबांनी पहिल्यांदा नकोच म्हटलं. मग विचारलं, "यो तापतो म्हंतेस. मंग रंग जाड नको ना गो बाय?"

"अगदी पातळ, आजोबा. जाड झाला तर ताप आतच कोंडेल."

त्या दिवशी मी प्रथमच बाहेर आलो. तिनं आधी कॉम्प्युटर बंद केला, वायर भिंतीतून काढली. पेटीच्या लोखंडाला हात लावला, म्हणजे अंगातली वीज उतरते, आणि मग आम्हाला कडेनं धरून उचललं. आजोबांनाही तिनं तसंच करायला लावलं. अंगरखा सोलून काढायचा नाही, हे तिनं दोनदा बजावलं, कारण ओढला की आतले चिपचे चौकोनी दाणेही उपटून येतात. माझ्या आतल्या पट्टीला खालच्या कडेला सोनेरी दात आहेत. तेवढेच अंगरख्याबाहेर असतात, आणि वीज त्यांच्यातूनच आत येते. त्यांच्यावर तिनं कागदी चिकटपट्टी लावली. पुढचं सगळं आजोबांचं.

बारीक पॉलिश पेपर त्यांनी माझ्यावरून असा फिरवला, जणू तापलेल्या पोराचं कपाळ पुसतायत. स्पिरिटनं पुसलं. प्रायमरचा एक हात, वाळवण, मग स्प्रेच्या डब्यातला मोरपिशी. स्प्रेवर त्यांचा विश्वास नव्हता. पण दोन वेळा वर्तमानपत्रावर मारून पाहिला आणि मनगटाला अंदाज आला. पिवळी रेघ मात्र त्यांनी ब्रशानंच ओढली. श्वास रोखून. रेघ ओढताना हात थरथरला नाही. मी सांगतो, मी त्या हाताखाली होतो.

इथवर सगळं बरं झालं.

दुसऱ्या दिवशी समृद्धी ऑफिसला गेल्यावर ते आम्हाला बघायला बसले. चिकटपट्टी त्यांनीच सोडवली. दात उघडे पडले. आजोबा त्या कडेकडे बराच वेळ बघत राहिले. ती कड खाचेत खाली जाते, हे त्यांनी पाहिलं होतं. आणि साठ वर्षं त्यांना एकच शिकवण होती, की होडीचा वरचा भाग एक वेळ उघडा राहिला तरी चालेल, पण पाण्यात जाणारी बाजू उघडी ठेवायची नाही. वरचा रंग लोकांसाठी, तळाचा रंग होडीसाठी. पोरीला हे कोण सांगणार, ती तर इमारतीतच वाढलेली. त्यांनी ब्रश बुडवला आणि आमच्या दातांवर दोन हात दिले. जाड. मन लावून.

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण खरं सांगू, मला रागही आला नाही. इतक्या काळजीनं मला कोणी कधी झाकलं नव्हतं.

समृद्धीनं पुढच्या सकाळी घाईत आम्हाला बसवलं. पंखे फिरले, पडदा काळाच. तिनं आम्हाला काढून उजेडात धरलं आणि तिला कळलं. आजोबा दारातच उभे होते. ती त्यांना एवढंच म्हणाली की संध्याकाळी बघते, आणि गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

भावेश डबा भरत होता. त्यानं चेष्टाच केली, मनात वाईट नव्हतं. "बाबा, कॉम्प्युटर पन आता पान्यात सोडायचा हाय काय?"

आजोबा हसले. तो गेल्यावर त्यांनी पोत्यातून खरवडणी काढली. होडीच्या तळाला चिकटलेले शंख जिनं काढायचे, ती. मला उचललं आणि दात खरवडायला लागले. रंग निघाला. रंगाखालचं सोनंही निघालं. त्यांना ते वर्तमानपत्रावर चमकताना दिसलं आणि हात थांबला. म्हणून भाऊ वाचला.

संध्याकाळी समृद्धी आली तेव्हा पोतं दाराशी बांधून ठेवलेलं होतं. आजोबांनी सुतळीला तीन गाठी मारल्या होत्या. ती आधी आमच्याकडे वळली. भावाचे दात तिनं कापूस आणि स्पिरिटनं हळूहळू पुसले, वरून खोडरबर फिरवला, पुरता वाळू दिला. तो चालू झाला. मला तिनं तीनदा बसवून पाहिलं.

"मेला काय तो?" आजोबांनी विचारलं.

"हो, आजोबा."

तिनं खोटं सांगितलं नाही, हे मला आवडलं. आजोबा म्हणाले, "हात गेले गो बाय. कुनाला तरी देऊन टाक ता पोता."

समृद्धी त्यांच्याजवळ खाली बसली. म्हणाली की हात गेले नाहीत, रेघ बघा. होडीत पाणी येऊ नये म्हणून तुम्ही तळ झाकता. याचं उलटं आहे. याला जे काही मिळतं ते खालूनच मिळतं, झाकलं तर हा उपाशी राहतो. हे मी सांगायला हवं होतं, मी नुसती पट्टी चिकटवली.

आजोबांनी मला उचलून उलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे याचा तोंड खाली हाय."

"हो."

"मंग तसा सांगाचा ना."

एवढंच. त्यानंतर तिनं नुसतं पोतं उचलून परत बाल्कनीत ठेवलं. मितालीनं ते पाहिलं आणि कपड्यांची दोरी हातभर वर बांधून घेतली. भावेश जेवताना म्हणाला की माझ्या मोटरसायकलची टाकी फार खरचटलीय, पण तिचं तोंड वर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आजोबा या वेळी खरोखर हसले.

भाऊ आता पेटीत माझ्याशिवाय राबतो. त्याच्या शेजारी नवी पट्टी आलीय, तीही मोरपिशी, दात उघडे. मी बाल्कनीत असतो, डब्याच्या झाकणावर. कुठलाही रंग आजोबा आधी माझ्यावर लावून पाहतात. टाकीचा काळा लागला, शेजारच्या कुमुदताईंच्या तुळशीकट्ट्याचा गेरू लागला. आवडला नाही तर घासून काढतात आणि पुन्हा लावतात. माझ्या आतली पट्टी थंडच असते. तिला काही आठवत नाही, आणि मला काही विसरता येत नाही. थकवा येतो. थरावर थर चढून मी जड झालोय.

पण तुमच्या घरात कोणी असेल, ज्याच्या हातांना तुम्ही बसून राहायला सांगितलंय, तर त्याला काहीतरी करायला द्या. बिघडलं तरी चालेल असं द्या. मी बिघडलो. फार काही बुडालं नाही.