क्रुसावर थांबवलेला सिनेमा

माझ्या नवऱ्याला, संतोषला, जुन्या सिनेमांच्या डिस्कचं भारी वेड. नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतभर टीव्ही लावून ठेवलाय मेल्यानं. रविवारी येशूवरच्या एका जुन्या इंग्रजी सिनेमाची नवी डिस्क आली. शेजारच्या सुलाबाई ख्रिस्ती, त्यांना आवडेल म्हणून मीच त्यांना बोलावलं. त्या चर्चमधून थेट आल्या, दाराबाहेर चपला काढल्या आणि डोक्यावर पदर घेऊन बसल्या.

क्रुसाचा प्रसंग आला तसा संतोष ओरडला, "अंजली, थांबव, थांबव!" मी थांबवला.

"प्रिंट काय धुऊन काढलीय बघा! खिळे रबरी आहेत, आत्ता कळतंय. रक्त म्हणजे नुसता लाल रंग!"

मीही खिदळले. मग जुन्या फिल्मवरचे ओरखडे कसे काढतात, रंग कसे उजळतात, यावर त्याचं व्याख्यान सुरू झालं. आमचे चहा पिऊन झाले. सुलाबाईंच्या कपातल्या चहावर साय धरली.

"चहा घ्या ना, सुलाबाई."

"घेते गं. पण आधी ते पुढं जाऊ दे. प्रभूला केव्हाचं टांगून ठेवलंय तुम्ही."

संतोषनं खाली मान घातली. रिमोट माझ्याच हातात होता, आणि मला बटण सापडेना.