शिवलेलं झाड

"एकटाच आलास?" तिने विचारलं, आणि ड्रायव्हरने मान खाली घातली.

जीपमधून गठ्ठे उतरत होते. वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवलेल्या फांद्या. वनस्पतींच्या संस्थेत या फांद्या नमुने म्हणून जाड कागदावर सुईदोऱ्याने शिवायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला टाकेताई म्हणत. आणि जंगलात झाडावर चढून त्या तोडायचं काम तिच्या धाकट्या भावाचं. तो मात्र जीपमध्ये नव्हता.

"बरा आहे ना रे तो?"

"बरा आहे हो. जेवत होता, हसत होता. पण येत नाही म्हणतो." ड्रायव्हरने आवाज खाली आणला. "ते झाड सापडलं, ताई."

ते सापडणं शक्यच नव्हतं. कारण ते झाड जगात नव्हतंच मुळी. ते तिच्या हातून चुकून झालेलं होतं.

झालं होतं असं, की टेबलावर दोन गठ्ठे एकदम उघडे होते. एक इथल्या जंगलाचा, दुसरा समुद्रापलीकडून आलेला. गप्पांच्या नादात तिने इथल्या डहाळीला तिकडचं फळ शिवून टाकलं. संस्थेच्या साहेबांनी तो कागद पाहिला आणि त्यांना आभाळ ठेंगणं झालं. साहेबांना झाडांची नाती पार मूळपुरुषापर्यंत तोंडपाठ; सख्ख्या मेव्हण्याचा फोन आला, तर मात्र "कोण बोलतंय?" म्हणायचे. "पूर्वी जमीन सलग होती, बाई," ते सांगत सुटले. "ती फुटली, मध्ये समुद्र आला, आणि झाडांच्या एका कुळाची दोन घराणी झाली. हे झाड दोन्हींकडचं आहे. वाटण्या व्हायच्या आधीचं! हे शोधायलाच हवं."

तिला चूक उमगली तोवर धाकट्याची बॅग भरून झाली होती. तिने त्याला सगळं सांगितलं, तर तो खो खो हसला.

"ताई, तू कशाला मोडता घालतेस? फुकटात जंगल फिरायला मिळतंय. झाड नाहीच म्हटल्यावर हात हलवत परत येईन. साहेबांना बोलू नकोस हं."

आणि ती गप्प बसली. आई गेल्यापासून तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. त्याचं उतरलेलं तोंड तिला कधी बघवलंच नाही.

"एकच आहे ते," ड्रायव्हर सांगत होता. "खाली पडलेलं पान नाही, रोप नाही. आत्ताच कोणी आणून उभं केल्यासारखं. हा म्हणतो, एकटं झाड असतं का कुठे? याचं कोणीतरी असणारच, ते सापडल्याशिवाय मी येत नाही. रोज थोडा थोडा आत जायचा. शेवटी शेवटी हाक मारली की ओ यायची, पण माणूस दिसायचा नाही. ओ वरून यायची, ताई. आणि फांदी एक हलायची नाही."

तिने वरचीच घडी उघडली. तेच पान, तेच फळ. देठ फांदीला मिळत होता तिथे सालीच्या रेघा आडव्यातिडव्या एकमेकींवरून गेल्या होत्या. तीन टाके आणि शेवटी गाठ, अगदी तिच्या हातची. तिने नखाने खरवडून पाहिलं. दोरा नव्हता. झाडावरच वाढलेली साल होती ती. फळ कापलं, तर आत बी नव्हती.

तशीच ती साहेबांकडे गेली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. "चूक माझी आहे, साहेब. मला काय शिक्षा करायची ती करा, पण त्याला परत बोलवा."

साहेब डहाळी उजेडाकडे धरून बघत होते. "बाई, हातात आहे ती वस्तू चूक कशी असेल? दुसरं झाड मिळालं, की येईलच तुमचा भाऊ."

"आणि दुसरं नसेलच तर?"

साहेबांनी ऐकलं नाही. ते भिंग शोधत होते.

दुपारी सगळे जेवायला गेले, तशी तिने ते दोन्ही जुने गठ्ठे खाली काढले. एकातली पानांची डहाळी घेतली. दुसऱ्यातली फळं एकेक करून कानाशी हलवली, आणि ज्यात बी वाजली ते घेतलं. रडू आवरत तिने सुई ओवली. टाका मात्र एकही वाकडा पडला नाही.

कागदाच्या कोपऱ्यात झाड कुठे सापडलं ते लिहायचं असतं. तिने लिहिलं, जंगलाचा काठ, गाडीरस्त्याजवळ. मग ते खोडलं. तेवढंही तिला लांबच वाटलं. खाली स्वच्छ अक्षरात तिने स्वतःच्या घराचा पत्ता घातला आणि पुढे लिहिलं, मागचं अंगण, नळाशेजारी.

संध्याकाळी घरी गेल्यावर चहासुद्धा न घेता तिने नळाशेजारच्या बादल्या उचलल्या आणि भिंतीकडे सरकवून ठेवल्या.