फोटोतला लिफ्टमन

"तूच ना रे तो? बाईला फरपटत नेणारा?"

"नाही हो. मी लिफ्टमन आहे. चुकून माझा फोटो…"

पुढच्या शिव्या त्यानं फोन कानापासून लांब धरून ऐकल्या. सकाळपासून हेच चाललं होतं. बायको भाजी चिरायची थांबली.

"बंद का करत नाही तो फोन?"

"बंद केला तर म्हणतील, तोंड लपवतोय."

रुग्णालयाच्या फाटकावरून एका बाईला तिच्या तापानं फणफणलेल्या पोरासकट रखवालदारानं ओढत बाहेर काढलं होतं. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, आणि मुखवट्याचं चित्र लावून इंटरनेटवर वावरणाऱ्या, स्वतःला 'कुणीच नाही' म्हणवणाऱ्या मंडळींनी ते प्रकरण उचललं. रुग्णालयाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून माहिती काढली, वेबसाइट बंद पाडली आणि 'हाच तो' म्हणून एक फोटो नंबरासकट जगजाहीर केला. रखवालदार आणि लिफ्टमन, दोघांचा गणवेश निळा, दोघांना टक्कल, दोघांच्या मिशा पिकलेल्या. फोटो निघाला लिफ्टमनचा.

खरं तर त्या मंडळींचा राग त्याला पटला होता. तो व्हिडिओ बघून त्याला स्वतःलाच जेवण गेलं नव्हतं.

पोलीस चौकीत अंमलदारानं हात वर केले. "धरायचं कुणाला, काका? यांना म्होरक्या नाही, ठावठिकाणा नाही. ज्याच्या मनात येतं तो सामील होतो, काम झालं की पसार."

रुग्णालयाचे अधीक्षक म्हणाले, "तुम्ही नव्हता, हे मला माहीत आहे. पण थोडे दिवस घरीच थांबा."

"मग साहेब, तेवढं जाहीर तरी करा."

"मग खरा कोण, ते विचारतील," अधीक्षक म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

लेकीचा फोन आला. "बाबा, इतक्यात इकडे येऊ नका हं. सासरी सगळे जरा… तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय गं."

त्यानं फोन ठेवल्यावर बायकोचा बांध फुटला. "नाव सांगून टाका ना एकदाचं! त्याच्या पापाचं खापर तुमच्या डोक्यावर का?"

"मग त्याच्या घरी फोन वाजेल."

"वाजू दे की!"

त्यानं फोन उचलून खिशात टाकला.

संध्याकाळी रखवालदार आला. बस म्हटलं तरी बसला नाही. दारातच चप्पल चाळवत उभा राहिला.

"साहेबांनीच सांगितलं होतं, बाहेर काढ म्हणून."

"ओढ म्हणून सांगितलं होतं?"

रखवालदारानं मान खाली घातली. "नाही."

मान वर न करताच त्यानं विचारलं, "सांगणार आहेस?"

"माहीत नाही रे. खरंच माहीत नाही."

दोन दिवसांनी एक कोवळा आवाज फोनवर आला. "काका, चूक झाली. फोटो मीच जुळवला होता. आम्ही तो काढून टाकलाय."

"बरं."

"खरा कोण ते सांगा. लगेच टाकतो. तुमच्यावरचा डाग जाईल."

बायको समोर येऊन उभी राहिली. सांगा, सांगा, असं डोळ्यांनीच म्हणत होती. लिफ्टमननं घसा साफ केला.

"सांगतो. आधी तू तुझं नाव सांग."

"काका, आम्ही नावं सांगत नाही."

"आईनं ठेवलेलं असेल ना एखादं? तेवढं सांग."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

बायको आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

पुढे त्याला कामावर परत घेतलं, पण लिफ्टवर नाही. पेशंटचे नातेवाईक चेहरा ओळखून गोंधळ घालतात, असं कारण सांगितलं. आता तो तळघरात धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालतो. लेकीचे फोन येतात, पण येऊन जा असं ती म्हणत नाही.

जेवणाच्या सुट्टीत कधी कधी रखवालदार जिना उतरून खाली येतो. तो चादरीची पलीकडची दोन टोकं उचलतो, ताणून धरतो, आणि लिफ्टमन पुढे सरकला की तोही पुढे सरकतो.