पुसण्यापूर्वी मोठ्यानं वाचा

मी फळा बोलतोय. लाकडी खुर्च्यांच्या कारखान्यातल्या बैठकीच्या खोलीतला पांढरा फळा. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या तोंडावर माणसं रोज लिहितात आणि रोज पुसतात, त्यानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

नवा होतो तेव्हा मी असा नव्हतो. मालकांनी उभं राहून मला भिंतीवर लावून घेतलं, पहिल्याच दिवशी 'कारखान्याचा कायापालट' असं माझ्यावर लिहिलं आणि कोपऱ्यात 'पुसू नये' म्हणून चौकट आखली. मी फुशारून गेलो. चौकटीत एकच उद्दिष्ट होतं, 'कामाची गती वाढवणे'. किती वाढवायची, कधीपर्यंत, कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, मग चहा आला.

वर्ष सरल्यावर 'गती वाढली नाही' असं ठरलं आणि वेत विणणाऱ्या बायकांचा विभाग बंद झाला. त्या निरोप घ्यायला आल्या, तेव्हा चौकटीतलं उद्दिष्ट पुसून तिथं कुणीतरी सहलीचा रस्ता काढून ठेवला होता. 'पुसू नये' तेवढं शिल्लक होतं. मला फार लाज वाटली.

तेव्हापासून कुणी मार्करचं टोपण काढलं की मी आधी फडकं कुठं आहे ते बघतो.

परवा पुन्हा कायापालट निघाला. गोड बोलणारे नवे सल्लागार आले आणि त्यांनी लिहिलं, 'गुणवत्तेत आमूलाग्र सुधारणा'. पॉलिश विभागाचे काका दाराशी उभे होते. या खेपेला पाळी त्यांच्या विभागाची, हे त्यांनीही ओळखलं आणि मीही.

मालकांची लेक हल्ली कामात लक्ष घालते. तिनं विचारलं, "सुधारणा झाली, हे कशावरून कळणार?"

"ते जाणवतंच, मॅडम."

"कुणाला? मागच्या वेळी बाबांना जाणवलं नाही आणि विणणाऱ्या बायका घरी बसल्या."

मालकांनी सल्लागारांकडून मार्कर मागून घेतला. मग उठून त्यांनी स्वतः लिहिलं, 'पॉलिश उडाल्यामुळे परत येणाऱ्या खुर्च्या वर्षअखेरीपर्यंत निम्म्यावर आणायच्या. त्यासाठी वाळवणीची बंद खोली आम्ही बांधून देणार. ती मिळेपर्यंत विभागाला हात लावायचा नाही.'

"एवढं जमेल आम्हाला," काका हळूच म्हणाले.

"जरा लवचीक ठेवू या ना," म्हणत सल्लागारांनी फडकं उचललं. मालकांनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या खिशात घातलं.

मी अजून निर्धास्त नाही. फडकं खिशात गेलंय, कचऱ्यात नाही.

काकाही माझ्यासारखेच संशयी दिसतात. त्यांनी विभागातल्या सगळ्यांना आत बोलावलं आणि माझ्यावरचा शब्दन् शब्द मोठ्यानं वाचून दाखवला. तुम्ही या खोलीत आलात, तर तुम्हीही वाचा. मला पुन्हा कोरं केलं, तर काय ठरलं होतं ते सांगायला कुणीतरी हवं.