सोळा भुतं

शनिवारी दुपारी आमच्या अंगणात होतं ते असं : दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनची भुतं सोळा, पायवाटेच्या दोन्ही कडांना आठ-आठ. टोमॅटोच्या वेलींसाठी लावतात त्या तारेच्या पिंजऱ्यांवर जुन्या चादरी टाकून केलेली मोठी भुतं तीन. काळ्या कचरापिशव्या कापून केलेलं कोळ्याचं जाळं एक, पोर्चच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत. आणि झुडपांत लपवलेल्या, डोळ्यांच्या आकाराची भोकं कापलेल्या टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या बारा. त्यांतल्या चार नळ्यांना या वर्षी दोन्ही बाजूंनी डोळे होते.

"पुढूनही आणि मागूनही?" मी बाबांना विचारलं.

"भूत आहे ते ब्रिटा, माणूस नाही. त्याला पाठीमागचंही दिसायला हवं."

मी हसले. बाबाही हसले, पण नळी हातात घेऊन जरा वेळ तिच्याकडे बघत राहिले.

रविवारी सकाळी कॅनची भुतं तेरा होती.

बाबांची सगळी भुतं फुकटातली. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस बाकी वर्षभर हात सैल सोडतो, पण हॅलोवीनला दुकानातली वस्तू अंगणात आली तर त्याला ती फसवणूक वाटते. उन्हाळ्यापासून रिकामे कॅन धुऊन ठेवायचे, काळ्या मार्करने तोंडं काढायची, मागे भोक पाडायचं आणि नाताळच्या जुन्या माळेतल्या एकेका दिव्यावर एकेक कॅन बसवायचा. त्यामुळे कॅन गेला की मागे गवतात उघडा दिवा उरतो. रविवारी असे तीन उघडे दिवे होते.

"लॉनी," बाबा म्हणाले. नुसतं नाव.

"लॉनीकाका कशाला तुमची भुतं चोरतील?"

"त्याच्याकडे किल्ली आहे."

"भुतं बाहेर आहेत बाबा. किल्ली घराची आहे."

"तेच म्हणतोय मी. जो बाहेरचं नेतो तो आतलंही नेईल."

लॉनीकाका शेजारच्या घरात राहतात. ते आणि बाबा एकाच पाळीत कामाला होते. आई गेल्यापासून रोज सकाळी ते आमच्या मागच्या दारातून येतात, स्वतःच कॉफी करतात आणि बाबांची थट्टा करत पितात. बाबांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हापासून दवाखाना, किराणा, न्हावी, सगळं त्यांच्याच गाडीतून. मी पदवी घेऊन घरी आले होते आणि बियाण्यांच्या प्रयोगशाळेत तात्पुरतं काम करत होते. रुजलेली किती, न रुजलेली किती, हे मोजायचं काम. जानेवारीत मला पुढच्या शिक्षणासाठी मिनेसोटाला जायचं होतं. त्यानंतर या घरात रोज डोकावणारा माणूस एकच उरणार होता, आणि बाबा त्यालाच चोर म्हणत होते.

सोमवारी भुतं चौदा झाली.

कमी होणं समजू शकतं. वाढणं मला समजेना. चोर परत आणून ठेवत नाही. मंगळवारी बारा. मी शेजारच्या अंगणाकडे जरा जास्तच बघायला लागले. लॉनीकाकांच्या शेडला नवं कुलूप होतं. त्या शेडमध्ये एक गंजकं गवत कापायचं यंत्र आणि मासे पकडायच्या काठ्या याशिवाय काही नसतं, आणि ती कधी कुलूपबंद पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

"काका, कुलूप कशाला?"

"रॅकून येतात."

"रॅकून दार उघडतात?"

"आमच्याकडचे उघडतात. तुझ्यासारखेच शिकलेले आहेत." ते हसले, पण कुलूप नीट लागलंय का बघायला पाठ करून वळले. मग पाठमोरेच बाबांविषयी म्हणाले, "मर्लला सांग, यंदा पुरे कर म्हणावं. एवढी भुतं कशाला?"

तीस वर्षं एवढीच भुतं असतात. आजवर त्यांनी कधी पुरे कर म्हटलं नव्हतं.

बुधवारी बाबांनी मला स्वयंपाकघरात थांबवलं. "उद्या मुलं येतील. लॉनी दरवर्षीसारखा खुर्ची घेऊन पोर्चवर बसेल. मी त्याच्याकडे किल्ली परत मागणार आहे. सगळ्यांसमोर."

"बाबा, आधी खात्री करू द्या."

"कसली खात्री? डोळे आहेत ना मला."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. खात्री करते. तोवर एक शब्द बोलू नका."

"आणि निघाला तोच, तर?"

"तर मी स्वतः मागेन किल्ली."

आमच्या डि मॉइन शहरात मुलं गोळ्या-चॉकलेटं मागायला हॅलोवीनच्या आदल्या संध्याकाळी येतात, आणि विनोद सांगितल्याशिवाय कुणाच्या पिशवीत काही पडत नाही. पोर्चवर आम्ही जांभळा दिवा लावतो. तो लॉनीकाकांनीच बंद पडलेल्या स्केटिंग हॉलमधून आणलेला. त्याच्या उजेडात पांढरे सदरे निळसर चमकतात, कारण धुण्याच्या पावडरीत तसा पदार्थ असतो. म्हणजे भुतांना लावून चोर ओळखायला पावडर माझ्या उपयोगाची नव्हती, तिने सगळेच चोर ठरले असते. पण ब जीवनसत्त्वाच्या गोळीतला पिवळा भाग त्याच दिव्याखाली हिरवट पिवळा चमकतो, आणि तो सहसा कुणाच्या हाताला असण्याचं कारण नाही.

गुरुवारी दुपारी बाबा खुर्चीत डुलकी घेत असताना मी गोळ्या कुटल्या, ग्लिसरिनमध्ये कालवल्या आणि हातमोजे घालून उरलेल्या प्रत्येक कॅनच्या मुठीला आतल्या बाजूने लावल्या. मार्करने काढलेल्या तोंडांना बोटही लावलं नाही. भुतं तेव्हा तेरा होती. बाबांना उठवून सांगितलं, "सगळं लावून झालंय. आता मुलं येईपर्यंत भुतांना हात लावायचा नाही. माझा प्रयोग चाललाय."

"नाही लावणार. कशाला लावू?"

मी चॉकलेटं आणायला गेले. परत आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि आणखी दोन दिवे उघडे होते.

लॉनीकाका आधीच पोर्चच्या पायरीखाली घडीची खुर्ची उलगडत होते. अंगात जुना चामडी कोट, हातात मोजे. मी मोज्यांकडे बघत राहिले.

"थंडी आहे," ते म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं.

"वर बसा ना काका. वारा कमी लागेल."

"इथेच बरंय."

बाबा दारात चॉकलेटांचं भांडं घेऊन उभे होते, जांभळ्या दिव्याच्या मागे, सावलीत. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी मान हलवली : थांबा.

पहिला आला तो समोरच्या घरातला ऑटिस, खोक्याचा यंत्रमानव होऊन. खोक्यामुळे त्याला पायरी चढता येईना, म्हणून लॉनीकाकांनी त्याला धरायला मोजे काढले आणि त्याच्याबरोबर वर आले. दिव्याखाली. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं हिरवट पिवळी होती.

बाबांनीही पाहिलं. रंग कशाचा ते त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"विनोद सांग रे आधी," लॉनीकाका ऑटिसला म्हणाले.

"सांगाड्याला गुपित का सांगू नये?"

"का?"

"त्याच्या पोटात काही राहत नाही!"

लॉनीकाका मोठ्याने हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं.

"लॉनी," ते म्हणाले, "माझी किल्ली दे."

"कसली किल्ली?"

"घराची. आत्ता. माझी भुतं तू नेतोस. माझ्या मुलीने शोधून काढलंय. शास्त्र शिकलीय ती."

"मर्ल, पोरासमोर नको."

"दे म्हणतो ना!" आणि बाबांनी सावलीतून दिव्याखाली हात पुढे केला, तळवा वर करून.

तळवा पेटल्यासारखा दिसला. पाचही बोटं, त्यांच्या पेरांच्या घड्या, नखांच्या कडा, सगळं हिरवट पिवळं.

"आईशप्पथ," ऑटिस म्हणाला. "मर्ल आजोबा, हे कसं केलंत?"

बाबांनी हात उलटा केला. सुलटा केला. दुसरा हात बाहेर काढला. तोही तसाच. "कसं केलं?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं.

मी ऑटिसच्या पिशवीत मूठभर चॉकलेटं टाकली आणि त्याला पायरीखाली उतरवलं.

"तो स्वतःच आणून देतो," लॉनीकाका हळू आवाजात मला म्हणाले. "दोन-दोन, तीन-तीन. म्हणतो, लॉनी, कुणीतरी भुतं चोरतंय, तुझ्याकडे लपव, आणि ब्रिटाला बोलू नकोस, ती शिकायला जायची थांबेल. दुसऱ्या दिवशी मलाच शिव्या घालतो. मी एखाददुसरं परत आणून ठेवतो, म्हणजे अंगण अगदी ओकं दिसू नये."

"कधीपासून?"

"भुतांचं आता. बाकीचं उन्हाळ्यापासून."

"मी दिली?" बाबा म्हणाले. "तुला?"

"दिलीस."

"आणि तू ठेवलीस?"

"मग काय करू? तूच म्हणालास, चोर आहेत."

बाबांचा हात अजून पुढेच होता. लॉनीकाकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, आमच्या घराची किल्ली सोडवली आणि त्या पिवळ्या तळव्यावर ठेवली. बाबांनी ती बराच वेळ पाहिली. मग लॉनीकाकांचा कोट ओढून ती त्यांच्याच खिशात टाकली आणि खिशावर हात दाबून धरला.

"आज परत मागितली तरी देऊ नकोस," ते म्हणाले. "ऐकलंस? मी मागितली तरी."

"चल," लॉनीकाका म्हणाले, "शेड उघडू. मुलं यायला लागली."

कुलूप काढलं. गवत कापायच्या यंत्राच्या मागे, गोणपाटाखाली, तोंडं भिंतीकडे करून भुतं ओळीने ठेवलेली होती. मी मोजली. शेडमध्ये पाच. अंगणात अकरा. एकूण सोळा.