लॉकवालं झाकण

शौकतने सितारामचं फडकं उचललं आणि नाकाशी धरलं. पेट्रोल. शंकाच नको. त्याने इकडेतिकडे बघितलं, फडकं होतं तसं फियाटच्या बंपरवर टाकलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी सुटलेलीच नव्हती.

सिताराम बादली भरून आला. शेजारच्या बोनकोडे गावचा माणूस, पंचावन्नचा असेल. कोपरखैरण्याच्या ह्या सोसायटीत अकरा गाड्या धुवायचा. शौकतची गाडी पहिली, कारण शौकत तळोज्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचा. सिताराम कायतरी हवापाण्याचं बोलला. शौकतने नुसतं हं केलं आणि गाडीत बसून चारही काचा खाली घेतल्या. वास होताच.

महिनाभर हेच चाललेलं. शनिवारी टाकी फुल्ल करायची, सोमवारी सकाळी वास मारायचा आणि काटा अपेक्षेपेक्षा खाली. गुरुवारपर्यंत वास गायब. म्हणजे टाकी भरलेली असताना चोर येतो, रिकामी असताना येत नाही. शौकतचं गणित सरळ होतं. मागच्या बिल्डिंगमध्ये पेट्रोल चोरीला जातं असं सेक्रेटरी अरविंद बोलला तेव्हाच त्याने वाशीच्या फुटपाथवरून चावीचं झाकण आणून स्वतःच्या हाताने बसवलं होतं. तरी चोरी होते म्हणजे चोराकडे डुप्लिकेट चावी आहे. आणि पहाटे गाडीला हात कोण लावतो? एकच माणूस.

बायको शमीम म्हणाली, आधी गॅरेजला दाखवा. शौकत म्हणाला, रोग गाडीत नाहीच, तर गॅरेजवाला काय करणार. ती म्हणाली, एवढा वास कळतो तुम्हाला, मग माझी डाळ करपली ती कशी नाही कळली?

रविवारच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय संपला तसा शौकत उभा राहिला. फडक्याचं सांगितलं. दोघातिघांनी लगेच माना डोलावल्या; एकाला आठवलं की त्याचाही काटा हल्ली लवकर खाली येतो. सितारामला खालून बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला, चपला बाहेर काढून. अरविंदने विचारलं, फडक्याला पेट्रोलचा वास कसा?

"मी पुसतंव म्हनून येतं," सिताराम म्हणाला.

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, हा पेट्रोलने गाडी पुसतो, भारी आहे. एक तारखेपासून येऊ नकोस, असं ठरलं. अकराच्या अकरा गाड्या.

त्या मीटिंगनंतरच्या रविवारी दोघं नवराबायको शमीमच्या बहिणीकडे पनवेलला निघाले. टाकी आदल्या दिवशीच भरलेली. तुर्भ्याच्या पुढे शमीमने तोंडाला ओढणी लावली आणि गाडी थांबवायला सांगितली. उलटी झाल्यावर ती रस्त्याच्या कडेला उभीच राहिली. म्हणाली, आता मी रिक्षाने जाईन, तुम्ही तुमच्या चोराला घेऊन या.

तिला रिक्षात बसवून शौकत शहाजीच्या गॅरेजला आला. शहाजी मूळचा कराडकडचा, कमी बोलणारा. त्याने बॉनेट उघडून आधी कार्बोरेटर बघितला, पंप बघितला, मग गाडीखाली घुसून पाईप चाचपले. सगळं कोरडं. मग फळीवरून चेहऱ्याला लावायच्या पावडरचा डबा काढला, टाकीच्या जोडांवर आणि झाकणाभोवती पावडर उडवली आणि गाडी घेऊन मैदानाला तीन चकरा मारून आला.

खालची पावडर जशीच्या तशी होती. झाकणाखालच्या पावडरीतून मात्र एक ओली रेघ चाकापर्यंत उतरली होती.

"ह्ये झाकण कुणी बसवलं?"

"मीच."

"दुसऱ्या गाडीचं हाय. रबर बसतच न्हाय. टाकी गळ्यापर्यंत भरली की वळणावर भायेर उसळतंय." शहाजीने बोट ओलं करून दाखवलं. "वास कवापास्नं?"

"महिना झाला."

"आन् झाकण?"

शौकतने खिशातून झाकणाची चावी काढून त्याच्या हातात दिली. शहाजीने जुन्या डब्यातून साधं झाकण शोधलं, बसवलं, दाबून बघितलं. मग खाली वाकून त्याने पत्र्यावरून अंगठा फिरवला.

"कोन तरी रोज पुसत हुतं हितं. न्हायतर रंग कवाच गेला असता."

शौकत खाली बसला. अंगठ्याने धूळ निघाली होती तिथे मागच्या चाकावरचा पत्रा चकचकीत होता. बाकीच्या गाडीपेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला गेला नाही. खाली सिताराम दुसऱ्या कोणाचीतरी मारुती धूत होता. एक तारखेला दोन दिवस होते. शौकतची फियाट धुळीतच उभी. मीटिंगपासून सितारामने तिला हात लावला नव्हता. शौकतने जवळ जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. झाकण, पावडर, रेघ. माझं चुकलं, असंही म्हणाला. खिशातल्या नोटांना हात लावला, पण त्या बाहेर काढायचं धाडस झालं नाही.

सिताराम काच पुसत राहिला. काच पुसून झाल्यावर त्याने फडकं पिळलं.

"सगल्यांच्या म्होरं बोल्लाव ना तुमी?" तो म्हणाला. "मंग त्यांच्या म्होरंच सांगा."

आणि बादली उचलून पुढच्या गाडीकडे गेला.

शौकतने वर बघितलं. गॅलऱ्यांमध्ये टॉवेल वाळत होते, एक जण दात घासत खाली बघत होता. जिना चढताना पहिल्या मजल्यावर तो थांबला, दुसऱ्यावर थांबला. तिसऱ्यावर अरविंदच्या दाराची बेल वाजवली. अरविंद हातात पेपर घेऊनच बाहेर आला, शौकतचा चेहरा बघून हसला.

"काय, रंगेहाथ सापडला काय?"

"हो," शौकत म्हणाला. "आज संध्याकाळी मीटिंग लावा. सगळे पाहिजेत."

"सितारामला बोलवायचं ना?"

"त्याला पुढे बसवा. खुर्चीवर."

अरविंदच्या कपाळावर आठी आली. शौकत तोवर खाली उतरायला लागला होता.